नातीला नसलेली ॲलर्जी

माझी नात अकरावीत असताना एक वर्ष जर्मनीत एका कुटुंबात राहून आली. त्या वर्षाबद्दल कुणी विचारलं, की मी विमानतळावर तिच्या बॅगेत फुटलेल्या तिखटाच्या पुडीची गोष्ट सांगतो. लोक हसतात, चहा येतो, विषय संपतो. खरी गोष्ट मी आजवर टाळत आलो. तिच्यातही हसण्यासारखं बरंच आहे, पण ते सगळं माझ्यावर.

पुसदला एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. म्हणजे वाक्याचा काळ बदला, प्रयोग बदला, एवढंच. इंग्रजीत कुणाशी बोलायची वेळ निवृत्तीपर्यंत आली नाही. त्यामुळे नात जायच्या आधी तिथल्या घरच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी सगळ्यांना बजावलं, "मी बोलतो. मधात कोनी तोंड घालू नका." नातीचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. म्हणूनच बजावलं.

बाई साध्या होत्या. केस पिकलेले, हाताला पीठ लागलेलं. मुलगी काय खात नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मांस नाही, अंडं नाही. मांसाचं त्यांना लगेच पटलं. अंड्यापाशी त्या अडल्या. केकमधलं, बिस्किटातलं तरी चालेल ना?

माझ्या बायकोने मागून विचारलं, "काय म्हन्ते ते?"

"म्हन्ते, पोरीची काळजी नका करू."

नात माझ्या कोपराला ढोसत पुटपुटली, "आबा, चालते म्हना."

आता माझी अडचण सांगतो. गळ्यात माळ, दर एकादशीला आमच्या ओसरीवर भजन. आमची पोरगी तिकडे राहूनही अंड्याला शिवणार नाही, असं मी भजनी मंडळींना आधीच ऐकवून बसलो होतो. नुसतं 'खात नाही' म्हटलं, तर ही बाई आठ दिवसांत लाडानं खाऊ घालील, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. आजारी माणसाला मात्र कुणी आग्रह करत नाही. मी म्हणालो, तिला ॲलर्जी आहे. सिव्हिअर. श्वास बंद होतो. बाईंनी तोंडावर हात ठेवला. पीठ गालाला लागलं.

फोन बंद झाल्यावर नात म्हणाली, "मले कधी झाली ॲलर्जी?"

"आत्ता झाली."

"अन् तुमाले? यवतमाळच्या बसस्टँडवर तं नाई झाली."

तिच्या पासपोर्टच्या कामाला आम्ही दोघं यवतमाळला गेलो होतो. तिला रसवंतीत बसवून मी पलीकडच्या गाडीवर आम्लेट-पाव खाल्ला होता. माळ काढून खिशात ठेवली होती. एवढी दक्षता घेऊनही पोरीनं पाहिलं.

"ते वेगळं," मी म्हणालो. काय वेगळं, ते तिनं विचारलं नाही. त्याबद्दल मी अजून तिचा आभारी आहे.

ती गेली, आणि पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला. बाईंनी घरातली सगळी अंडी शेजारी देऊन टाकली होती. नवऱ्याचं सकाळचं अंडंही बंद. बाईंकडे त्यांच्या आईचा, केक भाजायचा मातीचा साचा होता. आई गेल्यापासून दरवर्षी आईच्या वाढदिवसाला त्या त्याच साच्यात तिच्या पद्धतीचा केक करायच्या. जुन्या मातीत अंडं मुरलेलं असेल, पोरीला बाधेल, म्हणून तो साचा त्यांनी बहिणीला देऊन टाकला. मग पत्र्याच्या डब्यात बिनअंड्याचा केक करू लागल्या. तो फुगेना.

"आबा, आजही बसला केक. ते रडकुंडीला आली होती. मी सांगून टाकते खरं."

"खबरदार. खोटारडे म्हन्तीन आपल्याले. देशाची इज्जत जाईन."

देश मी मध्ये आणला. आम्लेट खाताना तो मला आठवला नव्हता.

थंडीत एका मैत्रिणीच्या घरी नातीनं बिस्किट खाल्लं. त्यात अंडं होतं, हे बाईंना मागाहून कळलं. नात म्हणत राहिली, मी बरी आहे. बाईंनी ऐकलं नाही. बर्फातून गाडी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. परत येताना बाईंनी गाडी कडेला थांबवली आणि रडून घेतलं.

तिचा फोन आला तेव्हा मी टाळ पुसत बसलो होतो.

"आबा, तिनं माहा हात सोडला नाई. मी चांगली ठणठणीत बसली होती. मले तिच्याकडे पाहवलं नाई."

"आता थोडेच महिने राह्यले," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मी नाई सांगत आता. तुमी बोलले, तुमीच निस्तरा. पन सांगा, आबा. नाईतं त्या घरी मी वापस कोन्या तोंडानं जाऊ?"

ती परत आली, शिकली, पुण्यात नोकरीला लागली. बाई दर उन्हाळ्यात तिला बोलावतात आणि ती दर वेळी काहीतरी कारण काढते. कारण मी आहे.

गेल्या हिवाळ्यात बाई स्वतःच आमच्याकडे आल्या. नात रजा काढून आली होती. बाईंनी एवढ्या लांबून डब्यात केक आणला होता, बिनअंड्याचा, आता जमलेला. मी आदल्या दिवसापासून वाक्य घोकत होतो. 'आय टोल्ड यू अ लाय' की 'आय हॅव टोल्ड यू अ लाय'? खोटं भूतकाळात बोललो, पण ते अजून चालूच होतं. इतकी वर्षं पोरांना शिकवलेला नियम मला ऐनवेळी लागू करता येईना. खरं सांगायचं तर मला तो नियम सापडायलाच नको होता.

भजनी मंडळी बाईंना पाहायला जमली. एकानं केकचा तुकडा तोंडात टाकून विचारलं, "गुरुजी, यात अंडं तं नाही ना?"

"अबे, आपल्या पोरीनं त्या घरातलं अंडंच बंद केलं," मी म्हणालो.

नात ताटल्या उचलून आत निघून गेली.

निघताना बाईंनी माझे दोन्ही हात धरले. इतकी नाजूक तब्येतीची पोर तुम्ही माझ्यावर सोपवलीत, एवढा विश्वास माझ्यावर कुणी दाखवला नव्हता, असं त्या म्हणाल्या. नात दारात उभी होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हॅपी जर्नी."

गाडी वळली. नात म्हणाली, "झालं?" आणि बॅग भरायला गेली.

त्या दिवसापासून मी इंग्रजीचा नाद सोडला. माझ्या बोलीत हे वाक्य कधीचं तयार आहे. बाई, पोरीले काही नव्हतं झालं. मी खोटं बोललो, मले माफ करा. तिचा काही दोष नाई, तिले एकडाव अजून बोलवा, ते येईन. अन् बहिणीकडून मायचा साचा वापस आना.