साहेबांची आमटी

लढाईमुळे कथील मिळेनासं झालं, तेव्हा रहिमतपूरला आमच्या पातेल्यांना कल्हई करणारा वडिलांना म्हणाला, “आवं मास्तर, यात शिसं मिसळलंय. आंबट काय शिजवू नगा, पोरांना बाधंल.” वडिलांनी चकचकीत पातेल्यात बघून मिशा सारख्या केल्या आणि ही गोष्ट आईला सांगितलीच नाही. ती त्यातच रोज चिंचेची आमटी करायची. आमच्या पोटात कळा आल्या, की शाळा बुडवायचं सोंग म्हणून वडील छडी काढत. धाकटी चालताना अडखळायची, तिला ते आळशी म्हणत.

मग साताऱ्याहून शाळा तपासायला साहेब आले. त्यांचं जेवण आमच्याकडेच होतं. वडील लगबगीनं स्वयंपाकघरात आले. “आमटी मडक्यात कर. त्या कल्हईत शिसं आहे, साहेबांना बाधेल!”