फक्कीचं घर

घर बांधायच्या आधीच घरात राहायला लागलेला पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस मला माहीत आहे, आणि माझं नशीब असं, की तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान नागपूरला इतवारीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवायचे, महाल भागातल्या एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत झोपायचे, आणि राहायचे मात्र कन्हान नदीच्या अलीकडे, एका रिकाम्या प्लॉटवर. नागपूरच्या माणसाला प्लॉटचा नाद असतोच, त्यात काही विशेष नाही. पण इतरांच्या प्लॉटवर गवत असतं. साडूभाऊंच्या प्लॉटवर घर होतं, चुन्याच्या फक्कीनं आखलेलं, अगदी खऱ्या मापाचं. ऐसपैस हॉल, पडवी, देवघर, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, पाहुण्यांची खोली आणि खिडकीबाहेर कूलर ठेवायला वेगळा ओटा. दर रविवारी सकाळी ताईंना स्कूटरवर मागे बसवून, डबा आणि सतरंजी घेऊन ते तिथे जायचे आणि ऊन उतरेपर्यंत त्या रेघांमध्ये संसार करायचे. पहिल्यांदा आम्हाला ‘घर पाहाले या’ म्हणून बोलावलं, तेव्हा मी सरळ मोकळ्या जागेतून सतरंजीकडे निघालो, तर हे केवढ्यानं ओरडले, “अहो साडभाऊ, भिंतीतून काहून येऊन राहिले जी? तिकडं दरवाजा आहे ना!” मी मुकाट्यानं वळसा घालून दरवाजातून आलो, तर चपला बाहेर काढायला लावल्या. मे महिना होता. देवघरापर्यंत पोचेस्तोवर माझे तळपाय भाजून निघाले. ताई म्हणाल्या, “अहो, त्याईले घालू द्या ना चप्पल.” त्यावर हे म्हणाले, “घरात?”

हा प्लॉट घेताना त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की शहर इकडेच वाढणार आहे. शहर वाढलं, पण नेमकं वर्धा रोडकडे. कंपन्या तिकडे गेल्या, मॉल तिकडे गेले, मोठमोठे दवाखाने तिकडे गेले, आणि साडूभाऊ इकडे आपल्या चुन्याच्या दरवाजात उभे राहून शहराची वाट पाहत राहिले. मी कधी डिवचलं तर म्हणायचे, “येऊन राहिलं ना जी. जराशी घाई नाई त्याले.” दर पावसाळ्यात घर वाहून जायचं आणि दसरा झाला की फक्कीच्या पिशव्या घेऊन हे नव्यानं बांधकामाला लागायचे. दरवर्षी घर थोडं मोठं व्हायचं. स्वयंपाकघराची खिडकी एका वर्षी पूर्वेला, तर दुसऱ्या वर्षी उत्तरेला. ताईंना विचारून नव्हे. ताईंना विचारलं असतं तर त्यांनी एवढंच सांगितलं असतं की खिडकी कुठेही करा, पण एकदाची विटांची करा. महालातल्या त्या खोल्यांत त्यांचं सगळं आयुष्य दिवा लावून स्वयंपाक करण्यात गेलं होतं. एका रविवारी कुणाची तरी म्हैस पाहुण्यांच्या खोलीत येऊन बसली. मी हाकलायला उठलो, तर म्हणाले, “बसू द्या. पाहुण्याईसाठीच ठेवली आहे ते खोली.” अशा माणसाशी काय बोलणार? मी बँकेत आयुष्य घालवलं आहे. पाया न खणता इतकी वर्षं घर टिकवणारा कर्जदार मला भेटला नाही.

दुसरी खोड टिचकीची. भांडेवाल्याला गंज, म्हणजे पातेलं, हातात घेतलं की बोटाच्या पेरानं वाजवून पाहायची सवय असते, हे समजू शकतो. हे जगातली प्रत्येक वस्तू वाजवून पाहायचे. टरबूज तर झालंच. दारं वाजवायचे, दुसऱ्यांच्या घरातली कपाटं वाजवायचे. मी नवी गाडी घेतली तेव्हा पेढा हातात असतानाच त्यांनी बॉनेटवर टिचकी मारली, कान जवळ नेला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पत्रा हलका आहे.” तो पेढा मला गोड लागला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी पूर्वा इंजिनियर होऊन बेंगळुरूला गेली. त्या शहराबद्दल मी काय बोलावं? तिथे माणसं ऑफिसला जायला निघतात आणि रस्त्यातच म्हातारी होतात. एवढं करून जी खोली मिळते, तिच्या डिपॉझिटमध्ये आमच्याकडे एखादं लग्न उरकतं. घरमालक असे, की नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारणार नाही ते विचारतात. काय खाता, कधी येता, कोण भेटायला येतं. वर करार संपला की भाडं वाढवतात. बिचारीच्या खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या निघायच्या आत पुन्हा लावायची वेळ यायची. शेवटी वैतागून तिनं एका रविवारी फोन केला. आम्ही प्लॉटवरच होतो. हॉलमध्ये. साडूभाऊंनी कौतुकानं स्पीकर लावला.

“बाबा, मी इथंच घर घेते आता. तुम्ही दोघं पण इकडे या राहायला. पण बँक सगळे पैसे देत नाही. प्लॉट विकावा लागेल.”

“प्लॉट?” हे हसले. “अवं, प्लॉट कुठी आहे तो? घर आहे आपलं.”

मग ती म्हणाली, “बाबा, ते घर नाही. चुना आहे.”

साडूभाऊंनी फोन बंद केला आणि डब्याच्या झाकणावर उगाच टिचकी मारली. ताई भाजी वाढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर काही दिवस बेंगळुरूची जी निंदा चालली ती ऐकायला इतवारीतले हमालसुद्धा थांबायचे. पण ताई एका शब्दानं बोलेनात, आणि त्यांचं न बोलणं साडूभाऊंना जड गेलं. ‘पाहाले काय जाते’ असं म्हणत एकदाचे निघाले आणि बँकेतला माणूस म्हणून मला सोबत घेतलं. तिथल्या इमारतींची नावं इटलीतली आणि पाणी टँकरचं. कोट घातलेली एक सेल्सची बाई आम्हाला सांगत होती की फ्लॅटचं क्षेत्रफळ ‘सुपर बिल्ट-अप’ आहे. साडूभाऊंनी विचारलं, सुपर म्हणजे काय. तिनं सांगितलं, यात जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमचा वाटाही धरलेला आहे. “तो सीढी में मेरे हिस्से पे खाट डालूँ क्या?” हे आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाले. बाई हसली नाही. तिथे हसण्याचे वेगळे पैसे पडत असावेत.

मग भाव करायची वेळ आली. इतवारीत एक पद्धत आहे. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणून दुकानाची पायरी उतरतं, आणि चार पावलं जात नाही तोच मागून दुकानदाराची हाक येते. साडूभाऊंनी जन्मभर अशा हाका मारल्या होत्या. आज ते गिऱ्हाईक होते. बाईनं सांगितलेला आकडा ऐकून ते ताडकन उठले, मला खूण केली आणि चालू लागले. हाक आली नाही. लिफ्टपर्यंत गेलो. हाक आली नाही. लिफ्ट आली, तिचं दार उघडलं, मिटलं, ती निघून गेली. हे कान मागे लावून उभेच. मी म्हटलं, “भाऊजी, चला.” तर म्हणाले, “थांबा जी, हिशेब करून राहिली असंल ते.” मी वळून पाहिलं. ती मोबाइल पाहत होती. थोड्या वेळानं साडूभाऊ स्वतःच परत जाऊन खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. ज्या शहरात गिऱ्हाइकाला मागून हाक मारत नाहीत, त्या शहराबद्दल माझं मत त्याच क्षणी कायमचं झालं.

संध्याकाळी पूर्वानं स्वतः निवडलेला फ्लॅट दाखवला. शहराच्या टोकाला, बारावा मजला. तिच्या ऐपतीत बसणारा तेवढाच होता. साडूभाऊंनी सगळ्या भिंती वाजवल्या. लहान बेडरूममध्ये गेले आणि कुणाला काही न विचारता जमिनीवर आडवे झाले. त्यांचं मोजमाप असंच. डोकं एका भिंतीला, पाय दाराच्या चौकटीत. “हे बेडरूम आहे का फडताळ?” ते छताकडे पाहत म्हणाले. पूर्वा दाराशी उभी होती. दिवसभर ऑफिस करून आली होती, खांद्यावरची बॅग अजून उतरवली नव्हती. हळूच म्हणाली, “बाबा, ही खोली तुमची आणि आईची. स्वयंपाकघराला खिडकी आहे. मी तीच पाहून निवडला हा.” साडूभाऊ उठले. पँट झटकली. भिंतीवर एक टिचकी मारली आणि म्हणाले, “आवाज भद्द आहे.” नागपूर येईपर्यंत गाडीत ते वरच्या बर्थवर पडून राहिले. सोबत दिलेल्या पोळ्या मीच खाल्ल्या.

पुढे महिनाभर काही कळलं नाही. मग एके दिवशी त्यांचा फोन आला. सोमवारी प्लॉटच्या विक्रीची रजिस्ट्री आहे, दुकान भाड्यानं दिलं आहे, रविवारी या. मनात म्हटलं, आता चुन्याच्या घराला निरोप द्यायचा सोहळा असेल. भाषण ऐकावं लागेल. गेलो तर जुनं घर नव्हतं. झाडून, माती ओढून सगळ्या रेघा पुसल्या होत्या, आणि प्लॉटच्या एका कोपऱ्यात ताज्या फक्कीनं तो बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट आखला होता. इंचाचाही फरक नाही. जुन्या हॉलमध्ये अख्खा मावला असता. साडूभाऊ आणि ताई त्यात वावरत होते. “अवं, इकडून वळ, तिकडं भिंत आहे,” असं ते सांगत होते आणि ताई अंग चोरून वळत होत्या. मी या वेळी दरवाजातून आलो. चपला बाहेर काढल्या, कुणी सांगायच्या आधीच. ताई चुन्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “मोठं घर झाडाले तं मलेच लागलं असतं.” आणि समोरच्या शेतांकडे पाहत राहिल्या, बाराव्या मजल्यावरून पाहावं तसं. चेहरा खुशीत होता. ते लपवायचा त्यांनी थोडा प्रयत्नही केला.

लहान खोलीत साडूभाऊंनी सतरंजी अंथरली होती. ते त्यावर कुशीवर झोपून दाखवू लागले, गुडघे पोटाशी घेऊन. पाय रेघेच्या आत. मला म्हणाले, “पाय दुमडून झोपाची सवय करून राहिलो जी. पोरीच्या घरी पाय दाराबाहेर गेलेले बरे दिसत नाईत.” एवढी वर्षं या माणसाची मी चारचौघांत थट्टा केली, आणि तिचा मला पश्चात्तापबिश्चात्ताप काही नाही, तो त्या लायकीचाच आहे. पण त्या क्षणी मला त्याची फार माया आली. मी खाली वाकलो आणि फक्कीच्या भिंतीजवळच्या मातीवर एक टिचकी मारली. म्हटलं, “भाऊजी, आवाज चांगला आहे.” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

निघालो तेव्हा ते सोडायला दरवाजापर्यंत आले. बाकीचा सगळा प्लॉट, ती पडवी, ते देवघर, ती म्हशीची खोली, उद्या सकाळपर्यंत त्यांचंच होतं. पण साडूभाऊ रेघेच्या आतच थांबले. “सांभाळून जा,” ते म्हणाले. “पुढं लिफ्ट आहे.”