लाल गाडीचं सोवळं

चारजणी वाल सोलायला बसलो की वालांआधी टरफलांचीच रास मोठी होते. आमच्या भाऊजींच्या गाडीचंही तसंच झालंय. गाडी एवढीशी, जमिनीला टेकलेली, आणि तिच्या गोष्टी मात्र पडवीभर! कुणी पाहुणी आली की म्हणते, "ती गाडीची गोष्ट सांग ना गो." मी विचारते, "कुठली?" आणि मग चहा गार होतो.

मला गाडीतलं काही कळत नाही. मला उपास कळतात, वारांचे देव कळतात, कुठल्या पूजेला कुठली पत्री लागते ते कळतं. पण ज्या घरात मला दिली, त्या घरात ती गाडी आली, त्याला माझा काय इलाज!

*

मुरबाडहून टोकावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याने आत गेलं की आमचं घर. विलासभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तेव्हा कल्याणला एका गॅरेजात कामाला होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी भाऊजींना सांगून ठेवलं होतं की टेम्पो घे. आमची भेंडी दुसऱ्याच्या गाडीतून बाजारात जायची, आणि तो दुसरा कधी यायचा, कधी यायचाच नाही. तोडलेली भेंडी पडवीत जून व्हायची.

एका शनिवारी भाऊजींचा निरोप आला, "गाडी घेऊन येतोय." मी पाटावर तांदळाचं स्वस्तिक काढलं, निरांजन लावलं, नारळ सोलून ठेवला. मामांनी भेंडीच्या पाट्या दारात आणून ठेवल्या.

आणि फाट्यावरून आली ती लालभडक, दोन दारांची, चपटी गाडी! गॅरेजच्या शेठची परदेशी स्पोर्ट्स कार. ताडपत्रीखाली कितीतरी वर्षं बंद पडून होती. ती भाऊजींनी टेम्पोच्या पैशांत घेतली आणि स्वतःच्या हातांनी चालती केली.

मी ताट घेऊन उभी. ओवाळायचं तर किती वाकायचं ते कळेना. मामा गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"भेंडी कुठं ठेवायची हिच्यात?"

"बाबा, ही स्पोर्ट्स कार हाय."

"मंग टेम्पो कुठाय?"

"...हीच."

मामांनी टोपी घातली आणि शेतावर निघून गेले. त्या दिवसापासून ते भाऊजींशी बोलेनासे झाले. एका पंगतीला बसायचे, पण एक शब्द नाही. दर रविवारी लेक घरी, आणि घर मुकं! मी सोळा सोमवार धरले. शंकराला म्हटलं, "बापलेकाचं बोलणं सुरू होऊ दे. तोवर मी गोड खाणार नाही."

*

पहिल्याच रविवारी भाऊजी गाडी धुवायला बसले. मला वाटलं, बादलीभर पाणी ओततील आणि फडकं मारतील. छे! आधी हातातली अंगठी काढली. मग कमरेचा पट्टा काढला. बटणांचा शर्ट काढून साधा बनियन घातला. मग दोन बादल्या मांडल्या, एक साबणाची आणि एक नुसत्या पाण्याची.

"वैनी, ह्या बादलीतलं त्या बादलीत नाय जायला पायजे. आणि फडकं जमिनीला टेकलं की बाद."

"धुतलं तरी?"

"धुतलं तरी! आणि आता मला कुणी शिवू नका."

मी चकितच झाले. माझ्या सोवळ्याला आयुष्यभर हसणारा हा माणूस! मला वाटलं, देवाने माझं ऐकलं. मी हळूच विचारलं, "भाऊजी, हे कुठलं व्रत हो?"

"डिटेलिंग म्हणतात याला, वैनी."

"बरं. आणि उद्यापन कधी?"

भाऊजींनी थोडा विचार केला. म्हणाले, "उद्यापन नाय. हे दर रविवारी."

उद्यापन नसलेलं व्रत मी तरी पहिल्यांदाच ऐकलं!

*

त्या गाडीचा हिशोब मला आजतागायत लागलेला नाही. सकाळी भाऊजी गाडी धुवायचे, पुसायचे, आरशासारखी चकचकीत करायचे. मग तीच गाडी घेऊन मुरबाडपर्यंत एक चक्कर मारायचे. आमचा फाट्यापासूनचा रस्ता म्हणजे नुसती लाल माती. गाडी परत यायची ती धुळीने माखून. की पुन्हा बादल्या!

एकदा न राहवून मी म्हटलं, "अहो, मग नेलीत कशाला?"

"धुतली होती म्हणून."

"मग आता धुताय कशाला?"

"नेली होती म्हणून!"

मी आत जाऊन विष्णुसहस्रनाम लावलं.

*

दसऱ्याला मी भाऊजी उठायच्या आत अंघोळ करून गाडीची पूजा केली. पुढच्या लाल झाकणावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. हळदीची बोटं ओढली. लाल रंगावर कुंकू दिसेना म्हणून आणखी थोडं लावलं.

भाऊजींचा अख्खा दसरा ते काढण्यात गेला. हळद काही निघेना. मला वाईट वाटलं, आणि त्यांनाही माझ्यासाठी वाईट वाटलं. शेवटी आमची तडजोड झाली. पूजा करायची, पण बाहेरून नाही. झाकण उघडायचं आणि आत बॅटरीवर एक टिकली लावायची.

मग दर मंगळवारी, रजा असेल तेव्हा, भाऊजी झाकण उघडून धरायचे आणि मी उदबत्ती ओवाळायची. एकदा रस्त्याने जाणारा ट्रकवाला झाकण उघडं बघून थांबला. पाना घेऊन धावतच आला बिचारा.

"काय झालं भाऊ? बंद पडली काय?"

भाऊजी म्हणाले, "नाय. आरती चाललीय."

ट्रकवाल्याने पाना काखेत धरला आणि हात जोडले. प्रसाद घेऊनच गेला!

*

हरतालिकेच्या आधी मी भाऊजींना सांगितलं होतं, "येताना पिंडीसाठी मऊ माती आणा. इथली सगळी खडेच खडे." शनिवारी ते आले. फडताळात बघते तर कागदात गुंडाळलेला राखाडी मातीचा गोळा! इतकी मऊ माती मी जन्मात पाहिली नव्हती. ना खडा, ना कण. मी मनातून भाऊजींना किती दुवा दिला! काय सुबक पिंड झाली, शेजारच्या बायका हात लावून बघत होत्या. सोळा प्रकारची पत्री वाहिली.

पुढच्या रविवारी भाऊजी फडताळ धुंडाळताहेत.

"वैनी, माझी माती कुठाय? गाडीवरून फिरवायची. बारीक कचरा ओढून काढते ती. शेठकडून मागून आणली होती."

माझ्या हातातली पळीच थांबली.

"भाऊजी... विसर्जन झालं."

त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्यासाठी काय मागितलंत का तिच्याकडं?"

"तुमचं नि मामांचंच मागितलं."

"मंग असू द्या," म्हणाले, आणि नुसतं फडकं घेऊन गाडीकडे गेले.

*

सोळा सोमवार संपले. उद्यापनाला सोळा जोडपी जेवून गेली, पण मामा काही बोलले नाहीत. मी संकष्टी धरली. आमचे हे म्हणाले, "देव बदलून बघतेस होय गो?" मी म्हटलं, "बदलत नाही, मुलाला पण सांगून ठेवते. बापाच्या कानावर घालेल."

अबोला असला तरी दोघांचा एकमेकांवाचून खोळंबा व्हायचा. मामा पडवीत बसून म्हशीकडे बघत बोलायचे, "ह्या साबणाच्या पाण्यानं तुला बाधंल हां. सांभाळून."

भाऊजी गाडी पुसता पुसता मला म्हणायचे, "वैनी, म्हशीला सांगा, साबण सौम्य हाय. लहान पोरांना चालंल असा."

मग मामा म्हशीला, "आनि वालाच्या वाफ्यात जातंय त्याचं काय?"

आणि भाऊजी मला, "म्हशीला म्हणावं, पाट वळवलाय."

मी मध्ये उभी राहून कधी म्हशीकडे बघायची, कधी गाडीकडे. त्या म्हशीने मात्र दोघांचं सगळं ऐकून घेतलं!

*

एका रविवारी गाडी पुसायला मऊ कापड मिळेना. टॉवेलने ओरखडे पडतात म्हणे. मी मामांचं जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं धोतर फाडून दिलं. भाऊजी खूश. तेवढ्यात मामा शेतावरून आले. स्वतःचं धोतर त्या गाडीवरून फिरतंय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि ते तसेच आत गेले.

पुढच्या रविवारी उठून बघते, तर पडवीच्या कठड्यावर आणखी एक जुनं धोतर. स्वच्छ धुतलेलं, चौपदरी घडी केलेलं.

"मामा, हे तुमचं का हो?"

"माजं कसं असंल? वाऱ्यानं आलं असंल."

घडी करून आलेला वारा! मी त्या दिवशी गणपतीला दुर्वांची जास्तीची जुडी वाहिली.

*

आता ही शेवटची.

गाडी आली त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मामांनी बैलजोडी विकली. गुडघे साथ देईनात, नांगराला ट्रॅक्टर सांगावा लागला. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बैलांचा मान असतो. त्यांना घासूनपुसून अंघोळ घालायची, शिंगं रंगवायची, अंगावर गेरूचे पंजे उठवायचे. मग गावाच्या वेशीवर पेंढा पसरून पेटवायचा आणि त्यावरून बैल उडवायचे, म्हणजे वर्षाची इडापिडा जळून जाते. सगळ्या गावाचे बैल रांगेत उभे राहतात. आमच्या घरात बैल नसलेला तो पहिला पाडवा. मामांनी फराळाला हात लावला नाही.

भाऊजी आणि आमचे हे सकाळीच मोटरसायकलवर मुरबाडला गेले होते. मी चुलीपाशी. मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, आणि दारातच थांबले. मामा बाह्या सरसावून, मूठभर पेंढ्याचा बोळा करून, गाडी घासत होते! बैलाची पाठ घासतात तशी, खसाखसा, मानेपासून शेपटाकडे.

"मामा! अहो मामा!"

"पोटाखाली बघ किती चिखल हाय," ते म्हणाले. "निस्तं वरून पुसतो तो."

मी काय सांगणार! थांबा म्हणावं तर त्यांचे हात किती दिवसांनी असे चाललेले. थांबू नका म्हणावं तर ती गाडी, ते सोवळं! मी तशीच उलथनं घेऊन उभी. मामांनी वाटीत गेरू कालवला. दोन्ही दारांवर पंजे उठवले. लालवर गेरू उठेना, म्हणून चुन्याचे उठवले. दोन बाजूंच्या आरशांना झेंडूच्या माळा बांधल्या. मग टोपी घालून, मागे न बघता, वेशीकडे चालू लागले.

थोड्या वेळाने भाऊजी आले. गाडीवर ऊन पडलं होतं. त्या उन्हात पेंढ्याचे ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकत होते, टपापासून चाकापर्यंत. भाऊजींनी दारावरून हात फिरवला. चुन्याच्या पंजापाशी हात थांबला.

"विल्या," आमचे हे हळूच म्हणाले, "सणाचा दिवस हाय रे."

भाऊजींनी खिशातून किल्ली काढली.

वेशीवर बैलांची रांग लागली होती. तिच्या शेवटी ती लाल गाडी जाऊन उभी राहिली. लोक हसायला लागले, मग ओरडायला लागले. "आरं, येडा झाला का काय! पेट्रोलची गाडी विस्तवावरून नेतोस?" एकेक जोडी उडून पलीकडे गेली. रांग संपली. समोर पेंढा धडधडत होता. भाऊजी गाडी थांबवून बसले. पुढेही जाईनात, मागेही येईनात.

तेवढ्यात मामा पुढे आले. कुणाच्या तरी डोक्यावरची घागर उतरवून घेतली आणि ओतली. उरलेला विस्तव वहाणेने रगडला, निखारे लाथेने बाजूला सारले. नुसता धूर राहिला. मग ते गाडीपाशी आले. ती किती बुटकी! गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ते खिडकीपर्यंत वाकले. आणि आपल्या लेकाला म्हणाले,

"इझवलाय. राख हाय निस्ती. मागचे पाय जपून टाक हां."