माझ्या पत्रकातला ‘अनबॅलन्स्ड’

स्वतःच्या बहिणीबद्दल चार गावांत वाटायचा मजकूर छापण्याआधी तुम्ही तिला तो वाचून दाखवाल की नाही? मी दाखवला नव्हता.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सभांहून ती घडी घालून आणायचे. त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकलो आणि चिडायलाही. पत्रकात माणूस नुसता गरीब नसतो, पिळून काढलेला असतो. अंगावर येणारा शब्द सापडेपर्यंत वाक्य सोडायचं नाही, हे मी तिथंच शिकलो. शिवाय एखादा इंग्रजी शब्द घालायचा. साहेब तेवढाच वाचतो, असं आम्ही सगळे मानत होतो.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हंगामात राळेगावच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, माझे भाऊजी मेले. ते हमाल होते. कापसाचा बोरा फळीवरून ट्रकात चढवायचं काम जोडीनं चाले. एक पुढे, एक मागे, पावलं एका हाकेवर. त्या दिवशी फळी मोडली. भाऊजी बोऱ्याखाली सापडले, मागचा जोडीदार वाचला. मालकाच्या माणसांनी सांगितलं, हमालाचा तोल गेला.

फळीचं नाव नाही, तोल गेला! मी पेटलो. तोल जाण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला शाळेच्या मास्तरांचा शब्दकोश मागून आणला. त्यात ‘अनबॅलन्स्ड’ सापडला. पहिला अर्थ तराजूचा, एक पारडं खाली गेलेलं. दुसरा मताचा, एकाच बाजूला झुकलेलं. तिसरा माणसाचा, ज्याचं मन ठिकाणावर नाही असा. दुसरा अर्थ मला स्वतःलाच लागू होता, पण माझं बोट तिसऱ्यावर थांबलं.

कारण तेरवी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी जिनाचा दुपारचा भोंगा वाजला आणि बाई, म्हणजे माझी मोठी बहीण, फडक्यात भाकरी बांधून फाटकाकडे निघाली. नवरा गेलेला, आणि त्याची शिदोरी घेऊन ही चालली! शेजारणी दारात आल्या.

“गेली वो हे कामातून,” एक म्हणाली.

मी दोन-चार दिवस हे दुरून पाहिलं आणि घरी येऊन लिहिलं : मालकांनी एका कष्टकऱ्याचा जीव घेतला, त्याची बायको अनबॅलन्स्ड झाली, मेलेल्या नवऱ्याची भाकर घेऊन ती वेडाच्या भरात रोज फाटकावर जाते. पत्रक यवतमाळला छापून घेतलं. बाजारात वाटलं, उमरखेडच्या मोटारीतही दिलं.

मालकानं त्याला भीक घातली नाही. ढाणकीहून मात्र बाईचे सासरे आले, सोबत गावातली दोन वडीलधारी माणसं. बाईची मुलगी चार वर्षांची होती. सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून माझंच पत्रक काढलं. त्यांना वाचता येत नव्हतं, बाजारात कोणी तरी वाचून दाखवलेलं.

“हे तुम्हीच लेहलं न? बाईचं डोकं फिरलं म्हनून तुम्हीच छापता. मंग माह्या लेकाची पोरगी इथं कोनाच्या भरवशावर ठेवू?”

“मामाजी, ते मालकाले लाज वाटावी म्हनून लेहलं.”

“म्हंजे खोटं लेहलं?”

हो म्हटलं असतं तर पत्रक खोटं पडत होतं. मी पत्रक घडी करून त्यांना परत दिलं. बाई माझ्याकडे पाहत होती.

पोरगी दुपारच्या मोटारीनं गेली. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून ती हसत होती.

मोटार गेल्यावर बाईनं विचारलं, “भाऊ, काय लेहलं होतं माह्यावर?”

मी शब्द सांगितला, अर्थही सांगितला.

“मी भाकर जोडीदाराले नेत होती,” ती म्हणाली. “त्याच्या घरी रांधाले कोनी नाही. भाकर आपली, चटनी-कांदा त्याचा, असे दोघं इतकी वर्सं एका फडक्यावर जेवले. हे गेले म्हनून त्यानं नुसत्या कांद्यावर बोरे उचलावे काय? मले इचारलं असतं तं सांगतलं असतं. तुह्या-माह्या मधात दोनच घरं तं होती.”

फाटकातून आत गेलेली भाकर मी पाहिलीच नव्हती. मला दृश्य हवं होतं, ते मिळालं होतं.

मी ढाणकीला तीनदा गेलो. म्हाताऱ्यानं पाणी दिलं, पोरगी दिली नाही. मग खरं काय ते सांगणारं दुसरं पत्रक काढलं, त्यात एकही जड शब्द घातला नाही. ते कोणी घरी नेलं नाही, मोटारीत पायांखाली गेलं. आता पोरगी तिकडे शाळेत जाते. मागच्या खेपेला तिनं मला विचारलं, “माय बरी झाली काय?”

बाई अजून रोज एक भाकर जास्त थापते आणि भोंग्याला फाटकावर देऊन येते.

माझं ते पहिलं पत्रक उमरखेड-ढाणकीकडच्या कुणाच्या पेटीत तळाशी अजून असेल. सापडलं तर जाळू नका. तो शब्द खोडा आणि वर लिहा : ही बाई नवऱ्याच्या जोडीदाराला भाकर नेते. ढाणकीला जाणं झालं तर बाजारात विचारा, हमालाच्या लेकीच्या आजोबांचं घर कोणीही दाखवेल. त्या म्हाताऱ्यासमोर, पोरगी घरात असताना, तेवढं एक वाक्य मोठ्यानं वाचा. माझ्या तोंडून ते ऐकत नाहीत.