रंग येईना

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या कमलमावशी एकदा सकाळीच बाटलीभर पाणी घेऊन आल्या. कारखान्यामागच्या त्यांच्या वस्तीतल्या बोअरिंगचं.

"मॅडम, तांब्याचा हंडा चिंच न लावताच लखलखतोय. नातीचं पोट सारखं दुखतंय. बघा ना, काय आहे यात."

मी पाणी मोजून फ्लास्कमध्ये घेतलं, रंग दाखवणारा दर्शक टाकला आणि ब्युरेटच्या खुणांच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब सोडू लागले. आम्ल संपलं की पाणी गुलाबी होतं. सोडा जितका जास्त लागेल, तितकं पाण्यात आम्ल जास्त. मुलांना मी सांगते, घाई करू नका, रंगाची वाट बघा. त्या दिवशी मात्र मी त्या रंगाला अक्षरशः विनवत होते. पडणारा प्रत्येक थेंब त्या पोरीच्या पोटात गेलेलं आम्ल मोजत होता, आणि रंग येईना. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गणित त्यांना कळत नव्हतं. थेंब थांबत नाहीत, एवढं कळत होतं.

अखेर फिकट गुलाबी छटा टिकली. पुढचं गणित दोन ओळींचं. अज्ञात आकडा हाती आला की एरवी किती बरं वाटतं!

"हे पिऊ नका, मावशी."

"उकळून?"

"उकळून आम्ल जात नाही."

"टँकर परवा येणार. आज तिला काय पाजू?"

मावशींनी पदर खोचला आणि फ्लास्क धुवायला घेतला. नळाचं स्वच्छ पाणी हातांवरून वाहत होतं, आणि त्या त्याच्याकडे नुसत्या बघत उभ्या होत्या.