सरपंचवहिनींबरोबर पोखर्णी आणि एक ग्रामसभा

पुण्यातल्या कॉलेजात मी चार वर्षं ‘स्थानिक नेतृत्व’ शिकवते आहे आणि आजवर एकाही ग्रामसभेला बसले नव्हते. वर्गात हे चुकून बोलून गेले, तर मागच्या बाकावरची स्वाती म्हणाली, "मॅडम, माझी वहिनी सरपंच आहे. चला आमच्या गावाला." पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही मला इतकं नेमकं कुणी पकडलं नव्हतं. तिकीट काढलंच.

पंचवीस जानेवारीच्या सकाळी परभणीला उतरले. मंगलवहिनी स्वतः स्टेशनवर आल्या होत्या. त्यांचं गाव पेडगावच्या बाजूला, पण त्यांनी आधी पोखर्णीची एसटी धरली. (बायकांना अर्धं तिकीट. शनिवारची गर्दी टाळलीत, तर नृसिंहाचं दर्शन निवांत होतं.) दुतर्फा ज्वारी, हरभरा. देवळात मी नेहमीसारखी खांबाशी उभी. देवाशी माझं फारसं बोलणं नाही. वहिनी मात्र बराच वेळ हात जोडून होत्या.

"काय मागितलंत?"

"उद्या आवाज फुटू दे म्हणलं. दोन वर्षं झाली, सभेत सगळं हेच बोलतेत."

हे म्हणजे त्यांचे यजमान, दत्तराव.

प्रश्न गावातल्या अभ्यासिकेचा होता. भरतीची तयारी करणारे तरुण तिथे दिवसभर बसत. मुलींना कुणी मनाई केली नव्हती, पण एकही येत नव्हती. वहिनींना सकाळचे तीन तास मुलींसाठी हवे होते. संध्याकाळी गरम भाकरी, हरभऱ्याची पालेभाजी आणि ठेचा वाढताना त्या हेच पुटपुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा भरली. विषय निघताच एक आजोबा उठले. "पोरी शिकायल्यात, लय चांगलं. पण तिथं त्यांच्यावर ध्यान कोण ठिवणार?"

दत्तराव सवयीने उभे राहिले.

"तुमी बसा," वहिनी म्हणाल्या. "सवाल सरपंचाला हाय."

बायकांच्या बाजूने हसू फुटलं, आणि कान लाल झालेले दत्तराव खरंच बसले.

"मी बसते तिथं रोज." आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "मला बी बारावी द्यायची हाय. फारम भरलाय. यांना सुदीक सांगितलं न्हाई."

आजोबांनी टोपी सारखी केली. "मंग इचारायचं काय राह्यलं? करा हात वर!"

दत्तरावांचा हात जरा उशिरा वर गेला, पण गेला. त्यानंतर नेतृत्वावर माझं भाषण ठेवलं होतं. पाच मिनिटांत आटोपलं.

पुण्यात परतले तेव्हा टीव्हीवर नेहमीचे नेते नेहमीसारखे ओरडत होते. या वेळी उदास वाटलं नाही. मी टीव्ही बंद केला. देवाबद्दल मला अजूनही काही ठाऊक नाही, पण खांबाशी उभं राहून कुणाच्या जोडलेल्या हातांना मनातल्या मनात हसणं मात्र सुटलं.

बारावीसाठी म्हणून मी वहिनींना माझ्या नोट्स पाठवल्या होत्या. आठवड्याने त्यांचा फोन आला. सात मुली येताहेत. आणि एक शंका होती: "मॅडम, संघराज्य म्हंजे काय वो?"

मी मुंबई-दिल्लीची उदाहरणं देत दहा मिनिटं समजावलं.

"आत्ता कळलं! मंग तुमी पाठवलेल्या नोट्समधी असं का न्हाई लिहिलं?"

त्या नोट्स मी पुन्हा लिहायला घेतल्या आहेत.