पिठाच्या बोटांवरची नावं

नागपुरात मिशनच्या शाळेत मी भांडे घासत होती, तवाची गोष्ट. तिथं आयर्लंडची एक म्हातारी सिस्टर होती. तिचं नाव मी कधी पुसलं नाही. कनिक मळता मळता ती शीळ वाजवे अन् पायानं ठेका धरे. तिच्या गावाकडचा नाच होता तो, जिग म्हनते त्याले.

एकदा मी पुसलं, "सिस्टर, या गान्याचं नाव काय?"

तिनं पिठाच्या बोटांवर चार नावं मोजली. "आईच्या गावात एक, मावशीच्या गावात दुसरं. चालबी जराशी बदलते."

"मंग खरं कोनतं?"

ती हसली. "नाचनाऱ्याच्या पायाले पूस."

माझा हात राखेतच थांबला. आदल्या सांजेले भुलाबाईच्या मूर्तीपुढं बाया गानी म्हनत होत्या, तवा माझ्या नव्या सुनेनं माहेरची चाल धरली होती. मी साऱ्या बायांसमोर म्हटलं, "चूप वं! तुझ्या कळमेश्वरात गानंबी धड शिकवत नाही काय?"

घरी जाऊन तिले म्हटलं, "म्हन वं, तुझ्या माहेरचं."

"मले येत नाही, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी सिस्टर तीच शीळ वाजवून राहिली होती. मी वर पाह्यलं नाही.

सुनेनं पुन्हा कधी गायलं नाही. तिच्या माहेरचं ते गानं मले अर्धंच येते. पुढचं मीच म्हनू देल्लं नाही.